सोळातले आठ

डबा सातशेला मिळाला, शनिचरीच्या भंगारात.
कॅमेरा त्याच्यावर फुकट:
लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान, एकच डोळा,
आणि शेपटीला दोन तोंडं.
एक जातं प्रिंटरच्या भोकात, एक कीबोर्डच्या,
कारण बिचाऱ्याला स्वतःचं ताट नाही,
कीबोर्डच्या पानातलं उरलंसुरलं खातो.

मे महिना. शेहेचाळीस.
कूलर लावला की मॉनिटर एकदा डोळे मिचकावतो
आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून आपली रॅम मोजत बसतं,
कंजूष सावकारासारखं.
आतला सेल मेलेला. प्रत्येक वेळी तारीख विचारली
की सांगतं: एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

तीन फ्लॉप्या. दुसरी खरखरली,
तिसरीवर बुरशीचा नकाशा.
कापसाचा बोळा, स्पिरिट, देवाचं नाव.
पोर्टला तीन स्वभाव असतात: साधा, दुतर्फा,
आणि तिसरा, जो पॉलिटेक्निकमध्ये अकरा वर्षं शिकवूनही
मला कुणाला नीट समजावता आलेला नाही.
तिसऱ्यावर चित्र आलं.

म्हणजे, पांढरं आलं. नुसतं पांढरं.
खिडकीतलं ऊन त्या डोळ्याला झेपेना.
वाळ्याचा पडदा सोडला, वर चादर टांगली,
मग माझा चेहरा दिसला,
पायऱ्यापायऱ्यांचा, कुणी मातीत खणून काढावा तसा.
सोळा करड्या छटा द्यायला हव्यात. मोजल्या.
आठ.

गोळीबार चौकातून पराते आले.
प्रिंटर दुरुस्त करतात; त्याआधी बापाच्या मागावर बसायचे,
नऊवारी विणायचे, जरीकाठी.
वायरचं तोंड उघडून त्यांनी पंचवीस पिनांवरून बोट फिरवलं
आणि मीटर न लावताच म्हणाले,
"फणीच हाय मॅडम हे. पंचवीस दाताची.
एक धागा तुटून रायला अन् तुमाले वाटते कापड खराब."

मी म्हटलं, चार तारांवर एक एक आकडा येतो,
एक तार मेली की अर्ध्या छटा जातात.
"तेच तं म्हन्लं मी," ते म्हणाले.

अकरा नंबरच्या पिनेशी तार आतल्या आत तुटली होती,
वरचं प्लास्टिक शाबूत.
त्यांनी ती सोलली, पिळली,
डाख देण्याआधी जिभेनं टोक ओलं केलं.
सवय, म्हणाले. सूत ओवायची.

मग आम्ही दोघंही गप्प बसलो.
चित्र वरून खाली येतं, ओळीमागून ओळ,
आणि प्रत्येक ओळीला ते नकळत पायाचं बोट दाबत होते,
खाली पावडी नसताना.

सोळा.
मी मोजल्या, त्यांनी मोजल्या नाहीत.

फळांच्या टोपलीतलं शेवटचं संत्रं डोळ्यासमोर धरलं: करडं.
कूलरचं हिरवं गवत: करडं.
परात्यांची पांढरी मिशी मात्र अगदी जशीच्या तशी.

"हलते काय हे?" त्यांनी विचारलं.
हलतं, म्हटलं. सेकंदाला चारदा.
त्यांनी उजवा हात उचलला, धोटा फेकावा तसा झटकला,
आणि डावा पुढे केला, झेलायला.

पडद्यावर उजवा हात होता.
मग डावा होता.
मधला प्रवास कुठेच नव्हता.

त्यांनी पुन्हा फेकला. पुन्हा.
"मंदातलं कोठी जाते?"
मला उत्तर येत होतं, दिलं नाही.
माग किलोच्या भावानं विकला तेव्हाचं साल त्यांनी सांगितलं.
ते कॅमेऱ्याच्या बुडावरही छापलेलं होतं.

एक चित्र जपून ठेवलं:
डाव्या तळहाताची ओंजळ, अर्धी मिटलेली.
खाली यंत्रानं आपल्या अकलेनं तारीख घातली आहे,
एक जानेवारी, ऐंशी.
पराते म्हणाले, राहू द्या,
तवा माग चालू होता.